स्वतंत्र पक्ष, गुजरात शाखा: २६, ६६ आणि शून्य

तळटीप (धागाकर्ता)

स्वतंत्र पक्षाचा (१९५९ ला निघालेला, काँग्रेसच्या समाजवादाला विरोध करणारा पक्ष) विषय निघाला की संस्थापक राजाजी, सरचिटणीस मिनू मसानी आणि 'परवाना-परमिट राज' (धंद्याला पावलोपावली सरकारी परवाना) एवढ्यावर गाडी थांबते. सोबत 'राजेरजवाड्यांचा आणि गिरणीमालकांचा पक्ष' हा शिक्का असतोच. राजस्थान-ओडिशात त्यात बरंच तथ्य आहे. गुजरातेत मात्र तो शिक्का नीट बसत नाही, म्हणून हा धागा त्या एकाच शाखेपुरता.

आधी आकडे. १९६२ ची विधानसभा, जागा १५४: काँग्रेस ११३, स्वतंत्र २६, प्रजासमाजवादी ७, नूतन महागुजरात जनता परिषद १, अपक्ष ७. १९६७, जागा १६८: काँग्रेस ९३, स्वतंत्र ६६, प्रजासमाजवादी ३, जनसंघ १, अपक्ष ५. १९७२, जागा पुन्हा १६८: इंदिरा काँग्रेस १४०, संघटना काँग्रेस (१९६९ च्या फुटीनंतरचा मोरारजींचा गट) १६, जनसंघ ३, कम्युनिस्ट १, अपक्ष ८. स्वतंत्रच्या नावापुढे शून्य.

१९६७ ला लोकसभेच्या २४ पैकी स्वतंत्रकडे १२ होत्या, म्हणजे काँग्रेसपेक्षा एक जास्त: बनासकांठा, साबरकांठा, पाटण, मेहसाणा, धंधुका, सुरेंद्रनगर, राजकोट, जामनगर, जुनागढ, खेडा, गोध्रा. उरलेली एक अहमदाबादची, अपक्ष इंदुलाल याज्ञिकांची.

बारा-तेरा वर्षांत शून्यातून ६६ आणि पुन्हा शून्य. माझ्या मते शाखा उभी राहिली खेड्यातल्या जमिनीच्या भांडणावर आणि बसली ती काँग्रेसच्या फुटीमुळे. विचारसरणी दोन्ही वेळा मागच्या बाकावर होती. जाणकारांनी भर घालावी.

---

आकडेमोड

यादीत अकराच नावं आहेत. बडोदा राहिलं.

निकालपत्रकं स्वतः उघडून बघणार असाल तर पाय घसरण्याच्या जागा सांगून ठेवतो.

एक, १९५७ च्या अहवालात 'गुजरात' शोधू नका. तेव्हा सगळं द्विभाषिक मुंबई राज्यात होतं. दोन, १९६२ चं आणंद आणि १९६७ चं आणंद एकच धरू नका. मधे मतदारसंघांची फेररचना झाली, १५४ चे १६८ झाले, नावं राहिली आणि गावं हलली. तीन, पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात नसतात, त्यामुळे मसानींचा १९६३ चा राजकोटचा विजय तिथे सापडत नाही. चौथी चूक सगळ्यात महाग पडते. १९६७ ला गुजरातेत काँग्रेसचे ११ खासदार, १९७१ लाही 'काँग्रेस' नावापुढे ११. बघणारा म्हणतो, फरकच नाही की! १९६७ चे ११ अखंड काँग्रेसचे. १९७१ चे ११ इंदिराबाईंचे, आणि मोरारजींच्या संघटना काँग्रेसचे वेगळे ११ 'एनसीओ' या खुणेखाली आहेत. स्वतंत्रला उरले २.

आता मतं. १९६२ ला स्वतंत्रला सुमारे २४ टक्के मतं आणि १७ टक्के जागा. काँग्रेसला जवळपास ५१ टक्के मतांवर ७३ टक्के जागा. १९६७ ला स्वतंत्र ३८ टक्क्यांवर गेला आणि जागा ३९ टक्के मिळाल्या. म्हणजे मतं दीडपट, जागा अडीचपट. आपल्या निवडणूक पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष साधारण तिशीच्या पुढे गेला आणि तिसरा कुणी उरला नाही की जागा भसाभस वाढतात. प्रजासमाजवादी सातावरून तिनावर आले, जनता परिषद संपली, आणि काँग्रेसविरोधी मत स्वतंत्रच्या एका 'तारा' चिन्हावर गोळा झालं.

तरीही सरकार आवाक्यात नव्हतं. बहुमताला ८५ लागत होते. ६६ मध्ये उरलेले सगळे ९ मिळवले तरी ७५.

---

सातबारा

जमिनीचं भांडण म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं, कारण यात आपला कुळकायदाच आहे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, १९५६ ची दुरुस्ती, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कलम ३२ग प्रमाणे जमिनीची किंमत ठरवणं, हे सगळं खेडा जिल्ह्याला जसंच्या तसं लागू होतं. तिकडे कुळाला गणोतियो आणि कायद्याला गणोत धारो म्हणतात. गावदप्तरातला उतारासुद्धा सात-बारच.

खेडा जिल्ह्यातला, म्हणजे चरोतरातला, ठरलेला देखावा असा: मालक पाटीदार, कसणारा बारैया किंवा पाटणवाडिया. बारैया-पाटणवाडिया स्वतःला क्षत्रिय म्हणवतात. कृषक दिनाला कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पाटीदाराच्या दृष्टीने काँग्रेसने त्याची जमीन उचलून कुळाला दिली. गंमत अशी की कूळही नाराजच. कारण खंड तोंडी ठरलेला, पीकपाहणीत नाव नाही, आणि ज्यांचं नाव होतं त्यांतल्या कित्येकांनी कृषक दिनाच्या आधीच 'स्वखुशीने' राजीनामे लिहून दिलेले. कोकणात आणि देशावर जे झालं तेच. शिवाय तालुक्याची काँग्रेस चालवत होते पुन्हा पाटीदारच.

तेव्हा एकाच बांधाच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन माणसं, उलट्या कारणांनी, एकाच पक्षावर चिडलेली होती. स्वतंत्रला चरोतरात रान मोकळं मिळालं ते असं.

त्यात जानेवारी १९५९ ला काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाचा ठराव आला: अखेरचं उद्दिष्ट संयुक्त सहकारी शेती. जमिनी एकत्र करायच्या, मालकी कागदावर राहील, जमिनीच्या प्रमाणात वाटा मिळेल. कुळकायद्यात निम्मी जमीन घालवलेल्या माणसाला 'मालकी कागदावर राहील' हे वाक्य कसं ऐकू गेलं असेल बघा. चौधरी चरणसिंगांनी त्याच अधिवेशनात विरोध केला. जूनमध्ये मद्रासला पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत तयारीचं अधिवेशन.

---

पेठकरी

खेडा म्हणजे अमूलचा जिल्हा ना? सहकाराच्या पंढरीत सहकारविरोधी पक्ष? काहीतरी घोळ आहे.

---

सातबारा

घोळ शब्दात आहे. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ १४ डिसेंबर १९४६ ला नोंदला गेला. त्यात म्हैस आपल्या गोठ्यात राहते. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट बघायचं, पैसे घ्यायचे. हा विक्रीचा सहकार. नागपूर ठरावाच्या अखेरच्या टप्प्यात बांधच पुसायचा होता. स्वतंत्रचा विरोध या दुसऱ्या प्रकाराला होता आणि चरोतरातल्या शेतकऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगावा लागला नाही. संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल काँग्रेसमध्येच राहिले, त्यामुळे एकाच गावात दूध काँग्रेसवाल्याच्या संघाला आणि मत ताऱ्याला, असं चालायचं.

---

चरोतरकर

माणसांबद्दल थोडं. शाखेचा कणा भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका. पेशाने इंजिनियर. सक्करच्या बंधाऱ्यावर काम केलेले, नंतर अहमदाबाद नगरपालिकेचे मुख्य अभियंता, मग आणंदजवळच्या ओसाड जमिनीवर वल्लभ विद्यानगर उभं करणारे. सरदारांचे विश्वासू. त्यामुळे 'धनदांडग्यांचा हस्तक' हा आरोप त्यांना चिकटत नसे. सरदारांचे चिरंजीव डाह्याभाई राज्यसभेत स्वतंत्रचे, कन्या मणिबेन काँग्रेसमध्ये. घरातच फूट.

भाईकाकांचं गणित एका शब्दात मावतं: पक्ष. पाटीदारांचा 'प' आणि क्षत्रियांचा 'क्ष'. शब्द गुजरातीत आणि मराठीत एकच, त्यामुळे कोटी भाषांतर न करताच पोचते.

क्षत्रियांची संघटना म्हणजे गुजरात क्षत्रिय सभा. राजपूत, बारैया, पाटणवाडिया, ठाकरडा सगळ्यांना एका मांडवाखाली आणणारी. म्होरके नटवरसिंह सोळंकी आणि नरेंद्रसिंह महिडा. सभा आधी काँग्रेसबरोबर होती. तिकिटांवरून बिनसलं आणि १९६२ ला बराच भाग स्वतंत्रकडे आला. त्या वर्षी लोकसभेच्या चार जागा आल्या त्या बघा: खेडा, आणंद, दोहद, कच्छ. पहिल्या दोन सरळ 'पक्ष'वाल्या. आणंदला निवडून आले स्वतः महिडा. कच्छचा मामला निराळा, तिथे हिंमतसिंहजी, राजघराण्याचं वजन.

जोड निखळली तीही तिथेच. महिडा काँग्रेसमध्ये परतले आणि १९६७ ला त्याच आणंदमधून काँग्रेसतर्फे निवडून आले. राज्यात बारा जागा येत असताना भाईकाकांच्या अंगणातली जागा गेली! कारण सातबारांनी वर सांगितलंच आहे. काँग्रेसवरचा राग समान होता तोवर मालक आणि कूळ एका मंचावर बसले. तिकीटवाटप आलं की बांध पुन्हा दिसायला लागे. क्षत्रिय संख्येने जास्त, पैसा आणि कचेरी पाटीदारांकडे. संख्येप्रमाणे तिकिटं द्यावीत तर पाटीदार बिथरणार, पैशाप्रमाणे द्यावीत तर क्षत्रिय.

---

तळटीप

@आकडेमोड, बडोदा मान्य.

सौराष्ट्राबद्दल कुणी लिहील का? तिथे हे चरोतरचं सूत्र लागू पडत नाही, एवढं नक्की.

---

घरखेड

लागू पडत नाही कारण सौराष्ट्रात चित्र नेमकं उलटं आहे. तिथे जमीनधारक गिरासदार, म्हणजे बहुतेक राजपूत, आणि कसणारे मोठ्या संख्येने पाटीदार. उछंगराय ढेबर सौराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना १९५१ च्या जमीन सुधारणा कायद्याने कुळांना जमिनी मिळाल्या, गिरासदाराला घरखेडीपुरती, म्हणजे स्वतः कसण्यापुरती, ठेवली. खुद्द ढेबरांनी हात घातल्याने हा कायदा कागदावर राहिला नाही, अमलात आला. परिणाम असा की सौराष्ट्राचा पाटीदार काँग्रेसचा ऋणी आणि गिरासदार काँग्रेसवर खवळलेला. चरोतरात स्वतंत्रचा पाया पाटीदार, सौराष्ट्रात गिरासदार. एकाच राज्यशाखेच्या दोन टोकांना जमीन गमावलेले दोन वेगवेगळे समाज. 'गुजरातेतले पाटीदार स्वतंत्रबरोबर होते' असं सरसकट वाक्य दिसलं की तिथे पेन्सिलीने खूण करावी.

आता राजकोट. नागपूर ठराव झाला तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष कोण? हेच ढेबर. १९६२ ला ते राजकोटहून लोकसभेवर गेले, पुढच्या वर्षी जागा सोडली, आणि मे १९६३ च्या पोटनिवडणुकीत तिथून कोण आलं? मिनू मसानी. मुंबईचे पारशी, १९४३ चे मुंबईचे महापौर, १९५७ ला रांचीहून खासदार. जातीचं गणित शून्य. चीनच्या युद्धातली नामुष्की ताजी होती; त्याच सुमारास अमरोह्याहून कृपलानी आणि फर्रुखाबादहून लोहिया आले. ज्या पक्षाचा जन्मच नागपूर ठरावाच्या विरोधातून झाला, त्याच्या सरचिटणीसाने ठरावाच्या वेळच्या काँग्रेस अध्यक्षांची जागा घेतली. योगायोग खरा, पण जमून आलेला.

१९६७ च्या यादीत राजघराण्याचे नाव म्हणजे सुरेंद्रनगरला ध्रांगध्राचे मेघराजजी. बाकी बघा: राजकोट मसानी, जामनगर नारायण दांडेकर, जुनागढ वीरेन शाह, गोध्रा पिलू मोदी, साबरकांठा सी. सी. देसाई, धंधुका रा. कि. अमीन. दोन निवृत्त आयसीएस, एक उद्योजक, एक वास्तुविशारद, एक अर्थशास्त्राचे जाणकार. मराठी वाचकांनी दांडेकरांकडे जरूर लक्ष द्यावं. १९६४ ला उत्तर प्रदेशातल्या गोंड्याहून लोकसभेत, १९६७ ला जामनगरहून.

---

पेठकरी

मग हा बाहेरून आणलेल्यांचा पक्ष झाला. मुंबईचे साहेब गुजरातेत उभे करायचे.

---

घरखेड

लोकसभेपुरता हा आक्षेप रास्त आहे आणि कमकुवत दुवाही तोच. विधानसभेचे ६६ बहुतांश स्थानिक, खासदारांत दिल्लीत बोलू शकणारे मुद्दाम आणलेले. संसदेत शाखा तिच्या बळापेक्षा मोठी दिसली, तालुक्यात मात्र खासदाराचा पत्ता मुंबईचा.

हिरूभाई मु. पटेल हा अपवाद. मुंदडा प्रकरणानंतर (आयुर्विमा महामंडळाच्या पैशाचा घोटाळा) आयसीएस सोडली, चरोतरात परतले, स्वतंत्रमध्ये आले, १९६७ ला आमदार, १९७१ ला धंधुक्याहून खासदार. भाईकाकांनंतर विद्यानगरच्या संस्थाही त्यांनीच सांभाळल्या.

---

आकडेमोड

१९६२ ते ६७ मधली वाढ एकट्या 'पक्ष'ने होत नाही, उलट महिडांबरोबर 'क्ष'चा मोठा तुकडा गेला होता. मग मतं कुठून आली? माझ्या हिशेबात शहरी आणि बाजारपेठेतल्या नाराजीतून. १९६३ चा सुवर्ण नियंत्रण आदेश: चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही, गावोगावचे सोनी घरी बसले. त्याच वर्षी सक्तीची बचत ठेव. मग धान्याचे झोन (बाहेर धान्य न्यायला बंदी) आणि लेव्ही (सरकारची सक्तीची खरेदी). १९६५-६६ चा दुष्काळ. जून १९६६ ला अवमूल्यन, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर. यातल्या पहिल्या दोन गोष्टी केल्या मोरारजींनी, म्हणजे गुजरातच्याच अर्थमंत्र्यांनी! 'परमिट राज' हा शब्द मद्रासला भाषणात होता, गुजरातेत तो सोन्याच्या पेढीवर आणि शेंगदाण्याच्या आडतीत रोज भेटत होता.

---

तळटीप

आणि नेमकी याच मोरारजींनी शाखा संपवली, तीही विरोध न करता.

१९६९ ला काँग्रेस फुटली. बाकी देशात बहुसंख्य काँग्रेसवाले इंदिराबाईंबरोबर गेले. गुजरातेत मुख्यमंत्री हितेंद्र देसाई आणि जवळजवळ सगळी संघटना मोरारजींबरोबर राहिली. आता स्वतंत्रच्या मतदाराच्या जागी उभे राहून बघा. समाजवादाला विरोध, बँक राष्ट्रीयीकरणाला विरोध, इंदिराबाईंना विरोध, हे सगळं आता राज्यात सत्तेवर असलेला, तालुक्यातालुक्यात कार्यालय असलेला पक्षच बोलत होता. ताऱ्यावर शिक्का मारायचा कशासाठी? त्या सुमाराचं एकच उदाहरण: १९६७ ला बनासकांठ्यात स्वतंत्रचे मनुभाई अमरसी आले होते. १९६९ च्या पोटनिवडणुकीत तिथूनच आले स. का. पाटील, ज्यांना दोन वर्षांपूर्वी दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी पाडलं होतं.

१९७१ ला बड्या आघाडीत (इंदिराबाईंविरुद्धची विरोधी पक्षांची युती) संघटना काँग्रेस मोठा भाऊ झाली. स्वतंत्रच्या वाट्याला उरलं गोध्रा आणि धंधुका. राजकोटला मसानींना घनश्यामभाई ओझांनी हरवलं. मसानींनी पक्षाध्यक्षपद सोडलं. भाईकाका १९७० मध्येच गेले होते.

---

चरोतरकर

एक घटनात्मक कारण राहिलं. स्वतंत्रच्या मूळ जाहीरनाम्यात २१ तत्त्वं होती आणि एकविसावं असं की या तत्त्वांबाहेरच्या प्रश्नांवर सदस्याला आपलं मत ठेवायची पूर्ण मोकळीक. वाचायला फार सुंदर. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, म्हणजे त्या काळात आमदाराला बांधून ठेवणारा धागा फक्त पक्षशिस्तीचा. राज्यात प्रत्येक आमदाराचा भाव वधारलेला असताना आपल्या पक्षाने शिस्तच सैल ठेवलेली! १९६९ ते ७१ मधली गुजरात विधानसभेतली ये-जा बघितली की हे कलम किती महागात पडलं ते कळतं. मे १९७१ ला राष्ट्रपती राजवट लागली, मार्च १९७२ ला निवडणूक, पुढचं शून्य वर आहेच.

---

पेठकरी

थोडक्यात आजच्या भाजपचं बीज हेच. गुजरात उजवा आधीपासूनच.

---

आकडेमोड

इतकी सरळ रेघ मारू नका, साहेब. १९६७ ला जनसंघ आणि स्वतंत्र शेजारी शेजारी उभे होते: १ आणि ६६. १९७२ ला जनसंघ ३. स्वतंत्रचा मतदार उठून जनसंघात गेला असता तर हा आकडा असा दिसला नसता. ऑगस्ट १९७४ ला पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला, तेच नागपूरला विरोध केलेले चरणसिंग. तिथून १९७७ चा जनता पक्ष, आणि हिरूभाई पटेल केंद्रात अर्थमंत्री. उलट १९८० ला माधवसिंह सोळंकींनी 'खाम' मांडलं त्यात क्षत्रिय, हरिजन, आदिवासी, मुसलमान होते आणि पाटीदार बाहेर. भाईकाकांनी जोडलेली दोन अक्षरं तोडली आणि १८२ पैकी १४१ जागा घेतल्या. पाटीदार भाजपकडे सरकले ते त्यानंतर. मधे निदान दोन वळणं आहेत.

---

सातबारा

महाराष्ट्र शाखेचं काय, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. तयारीचं अधिवेशन मुंबईत, मसानी मुंबईचे, पैसा मुंबईचा. विधानसभेतल्या जागा १९६२ ला शून्य, १९६७ ला शून्य. इथे कूळ आणि मालक यांच्यात चरोतरसारखी दोन मोठ्या जातींची स्वच्छ रेघ नव्हती, आणि बागायतदाराला यशवंतरावांची काँग्रेस साखर कारखान्याचा सभासद करून घेत होती. तो परमिट राजवर चिडेल कशाला? कारखान्याचा परवाना त्याच्याच संचालक मंडळाकडे! शरद जोशींनी १९९४ ला 'स्वतंत्र भारत पक्ष' काढताना नाव मुद्दाम राजाजींकडून घेतलं, पण तो कांदा-कापसाच्या आंदोलनातून आलेला वेगळा प्रवाह.

---

तळटीप

महाराष्ट्र शाखेची एक नोंद मात्र हवी. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाप्रमाणे नोंदणीसाठी पक्षाला आपल्या घटनेत समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. राजाजींचा पक्ष आज नव्याने काढायचा तर नोंदणीच्या टेबलावरच अडेल. या अटीविरुद्ध १९९६ ला मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, एस. व्ही. राजू यांच्या पुढाकाराने, स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्र शाखेच्या नावाने. ६६ आमदारवाल्या शाखेचं नाव तोवर कुठेच उरलं नव्हतं.

---

पेठकरी

शून्यवाली टिकली म्हणायची. बरं, ते बडोदा मूळ धाग्यात दुरुस्त करा, अजून अकराच दिसतायत.